प्लाझ्मा बदलण्याचा उपाय कसा सिद्ध झाला?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलन-बारे सिंड्रोमची (जीबीएस) साथ आली आणि तिच्यातील पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला. या आजारावर प्लाझ्मा बदलण्याचा जो उपाय करतात, त्याची मुळे १९१४ पर्यंत जातात. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन एबल आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे रक्त काढले, प्लाझ्मा बाजूला केला आणि पेशी परत शरीरात सोडल्या. दोनच वर्षांनी गिलन, बारे व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या लुळेपणाचे वर्णन केले. या दोन धाग्यांची गाठ पडायला मात्र १९७८ उजाडले!

तर्क सरळ होता : मज्जातंतूंवर उलटलेली प्रतिपिंडे प्लाझ्मासोबत काढून टाकावीत. पण जीबीएसचे बरेच रुग्ण आपोआपही सावरतात. मग श्रेय यंत्राचे की निसर्गाचे? त्यासाठी उत्तर अमेरिकेत २४५ रुग्णांची, सोडत काढावी तशी, दोन गटांत विभागणी झाली. १९८५ साली निष्कर्ष आला : प्लाझ्मा बदललेले रुग्ण आधाराविना लवकर चालू लागले, उपचार आजाराच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, तर लाभ अधिक. मूत्रपिंडाच्या ल्युपसवरही हाच तर्क लावला गेला. १९९२ मध्ये ८६ रुग्णांच्या चाचणीत तो टिकला नाही.