मैदान, धडा आणि पालक: मराठवाड्यातील शाळांनी शरीराविषयी काय शिकवले?

१/ लातूरच्या शिकवणी वर्गांत बारावीचा विद्यार्थी ‘मानवी प्रजनन’ हा धडा ओळ न् ओळ तयार करतो. मासिक पाळीचे टप्पे, संप्रेरकांची नावे, गर्भनिरोधनाच्या पद्धती, काहीही सुटू देत नाही. पालक त्यासाठी भरभक्कम शुल्क मोजतात. २००७ मध्ये मात्र शाळेत हा विषय काढण्यालाच राज्याने मनाई केली होती, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री लातूरचेच होते. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी हा थ्रेड.

२/ प्रथम विषयाची व्याप्ती पाहू. वेळापत्रकात त्याचे नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असे असते. त्यात दोन वेगळी कामे एकत्र बांधलेली आहेत. एक, शरीर घडवणे: कवायत, खेळ, योगासने. दुसरे, शरीर समजून घेणे: आहार, स्वच्छता, रोग, वयात येताना होणारे बदल. पहिल्या कामाचे आपल्याकडे नेहमी स्वागत झाले. वाद झाला तो दुसऱ्यावर.

३/ मुंबई प्रांतात १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्याच वर्षी लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाविषयी एक समिती नेमली गेली. १९३८ मध्ये कांदिवली येथे व्यायामशिक्षक घडवणारी सरकारी संस्था उभी राहिली. ‘पीटीचे सर’ हा शाळेतील स्वतंत्र अधिकारी माणूस होण्यामागे ही घडामोड आहे.

४/ नांदेड आणि लातूर मात्र तेव्हा मुंबई प्रांतात नव्हते; ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. जाता जाता नोंद: ज्या ‘कवायत’ शब्दाला आपण अस्सल मराठी समजतो, तो मूळ अरबी आहे. त्याचा अर्थ ‘नियम’, आणि तो अनेकवचनी आहे. शिस्त आणि शरीर यांची सांगड त्या शब्दातच आहे.

५/ याच काळात मराठवाड्यातील काही पालकांनी वेगळी वाट धरली. १९२१ मध्ये हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे मुख्याध्यापक होते. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. राष्ट्रीय शिक्षणाच्या या परंपरेत व्यायाम, स्वावलंबन आणि चारित्र्य ही अभ्यासाच्या बरोबरीची अंगे मानली जात.

६/ अशा शाळेत मूल घालणे सोपे नव्हते. सरकारी नोकरीची वाट उर्दू शिक्षणातून जात होती. राष्ट्रीय शाळा निवडणे म्हणजे ती वाट अरुंद करून घेणे. तरीही काही घरांनी ती किंमत मोजली. ‘पालकांची निवड’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. मराठवाड्याच्या इतिहासात तिचे एक ठसठशीत उदाहरण येथे सापडते.

७/ मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी शाळेत शरीर घडवले जात होते ते शिस्तीसाठी; राष्ट्रीय शाळेत ते घडवले जात होते देशासाठी. हेतू परस्परविरोधी होते, तरी दोन्हीकडे शरीर हे साधन होते. विद्यार्थ्याला स्वतःच्या शरीराविषयी जे प्रश्न पडतात, त्यांना दोन्हीकडे फारशी जागा नव्हती.

८/ त्या प्रश्नांना जागा दिली ती शाळेबाहेरच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक पत्रातून प्रश्न विचारीत, कर्वे शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तरे देत. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही.

९/ याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न विचारणारी माणसे प्रौढ होती, मासिक वर्गणी भरून घेतलेले होते. तरीही उत्तर देणे गुन्हा ठरले. मग शाळेच्या वर्गात हे प्रश्न येण्यास किती अवकाश लागणार होता, याची कल्पना यावी.

१०/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील निजामाची सत्ता संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यानंतर नांदेडच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलाला एकाच राज्याचा अभ्यासक्रम लागू झाला. मैदान, कवायत, सामने सगळीकडे आले. शरीर समजून घेण्याचा भाग मात्र स्वच्छता आणि संतुलित आहार यांच्यापाशी थांबला.

११/ पुढे एड्सच्या साथीने सरकारला बोलणे भाग पाडले. २००५ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी किशोरवयीन मुलांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम आखला. वयात येतानाचे बदल, एचआयव्ही, नकार देण्याचे कौशल्य असे विषय त्यात होते. शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका निघाल्या. त्यांतील चित्रांवरून व भाषेवरून गदारोळ सुरू झाला.

१२/ २००७ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत हा प्रश्न पेटला. असे शिक्षण भारतीय संस्कृतीला धरून नाही, पालकांना ते मान्य होणार नाही, असा आक्षेप होता. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असलेल्या सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा इतर राज्यांनीही हा कार्यक्रम नाकारला. सत्ताधारी पक्ष वेगवेगळे होते. निर्णय मात्र एकच होता.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे: ‘पालकांना मान्य नाही’ हे कोणी ठरवले? शाळाशाळांतून पालकांची संमतिपत्रे मागवून हा निर्णय झालेला नव्हता. ज्यांना आपल्या मुलांना हे शिकवलेले नको होते, त्यांची इच्छा सर्वांवर लागू झाली. ज्यांना हवे होते, अशा पालकांपुढे काही पर्यायच उरला नाही. पालकांच्या नावाने घेतलेल्या निर्णयात पालकांची निवडच नाहीशी झाली.

१४/ हा प्रश्न इतरत्रही आला आहे. स्वीडनने १९५५ मध्येच लैंगिक शिक्षण सक्तीचे केले. डेन्मार्कमधील काही पालक अशा सक्तीविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की माहिती वस्तुनिष्ठपणे दिली जात असेल, तर पालकांच्या हक्काचा भंग होत नाही. इंग्लंडने २०२० पासून हा विषय माध्यमिक शाळांत सक्तीचा केला. मात्र त्यातील लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला वगळण्याची विनंती पालक करू शकतात.

१५/ म्हणजे मार्ग दोनच नव्हते. एखाद्या पालकाला आपल्या मुलापुरती सूट देणे आणि सगळ्यांसाठी धडाच काढून टाकणे, यांत मोठे अंतर आहे. आपल्या राज्यघटनेला ही कल्पना परकी नाही. अनुच्छेद २८ (३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील धार्मिक शिक्षणासाठी अज्ञान मुलाच्या पालकांची संमती लागते. २००७ मध्ये अशी मधली वाट शोधली गेली नाही.

१६/ २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने या वादावर अहवाल दिला. अध्यक्ष व्यंकय्या नायडू होते. शाळांत लैंगिक शिक्षण नको, असे समितीचे मत होते. किशोरवयातील वाढ आणि एचआयव्ही यांविषयीचे धडे अभ्यासक्रमातून काढून अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात घालावेत, असे तिने सुचवले. थ्रेडच्या आरंभी उल्लेखलेल्या विरोधाभासाची किल्ली या शिफारशीत आहे.

१७/ कारण अकरावी-बारावीचे जीवशास्त्र म्हटले की लातूर आठवते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडलेला ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर पोहोचला. नियोजनबद्ध सराव आणि वारंवार चाचण्या हे त्याचे सूत्र. पुढे नीट परीक्षा आली. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राला! लातूरपाठोपाठ नांदेडही शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले, आणि गावोगावचे पालक मुलांना घेऊन येथे खोल्या शोधू लागले.

१८/ या पालकांनी ‘मानवी प्रजनन’ आणि ‘प्रजनन स्वास्थ्य’ या धड्यांना कधी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात तर शाळांतून लैंगिक शिक्षणाला उत्तेजन द्यावे, असेच सुचवलेले आहे. विद्यार्थी ते वाक्यही अधोरेखित करतात, कारण त्यावर प्रश्न येऊ शकतो. ज्ञान तेच राहिले. गुण मिळू लागताच त्याचा संकोच गळून पडला.

१९/ त्याच गुणांच्या हिशेबात मैदानही गेले. आरोग्य व शारीरिक शिक्षणाला बोर्डात श्रेणी मिळते, टक्केवारीत त्याची भर पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला या विषयासाठी अंशकालीन निदेशक आवश्यक ठरवला आहे. तरी परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याबद्दल किती पालकांनी तक्रार केली?

२०/ माझ्या स्वतःच्या शाळेत दहावीला प्रजननाचा धडा आला, तेव्हा ‘हा घरी वाचून या’ असे सांगण्यात आले. घरी कोणाला विचारणार? वर्गातील ज्या मैत्रिणी पुढे विज्ञान शाखेला गेल्या, त्यांना दोन वर्षांनी तो धडा नीट शिकवला गेला. ज्यांचे शिक्षण दहावीनंतर सुटले, त्यांतल्या काहींची लग्ने लवकरच झाली. ज्यांना त्या धड्याची गरज सर्वांत आधी पडली, त्या शिकवणीपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

२१/ हा एका वर्गापुरता अनुभव नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. नांदेड-लातूरच्या शेजारच्या परभणीत आणि लातूरला लागून असलेल्या बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. अकरावी-बारावीपर्यंत धडा पुढे ढकलण्याची किंमत कोण देते, हे या आकड्यांवरून समजते.

२२/ सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित एका निकालात सर्वसमावेशक लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली. हे शिक्षण भारतीय मूल्यांशी विसंगत आहे, हा समजही न्यायालयाने चुकीचा ठरवला. चर्चा पुन्हा शाळेच्या दाराशी आली आहे. आता तरी पालकांच्या नावाने बोलण्याऐवजी पालकांना प्रत्यक्ष विचारावे, आणि मुलांनाही.

२३/ हिप्परग्याला मूल पाठवणाऱ्या पालकाने नुकसान सोसून निवड केली होती. आजच्या पालकाला तेवढी किंमत मोजावी लागणार नाही. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर दोन प्रश्न विचारले तरी पुरे: पीटीचा तास होतो का? आणि तो धडा वर्गात शिकवला जातो का? तुमच्या शाळेत काय होत असे, ते खाली अवश्य लिहा. आजी-आजोबांना त्यांच्या शाळेतील कवायतीविषयी विचारून लिहिलेत, तर अधिक आनंद होईल. मराठवाड्यातील शाळांचा हा इतिहास अजून बराचसा आठवणींतच आहे.