चोपडीतली गोष्ट कुठे थांबते?

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुमचा प्रश्न काय?" आणि मी विषय सांगत बसले. दोन्हींतला फरक मला नंतर कळला, तोही सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्यांमुळे. तुम्ही सध्या नेटची किंवा पेटची तयारी करत असाल, प्रपोजलचा कागद समोर कोरा पडला असेल, तर हा किस्सा तुमच्यासाठी.

माझं काम जुन्या कागदाच्या रसायनशास्त्रावर आहे. मुर्ध्याच्या घरी आजीच्या पत्र्याच्या पेटीत काही चोपड्या निघाल्या. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात लिग्निन, आम्लामुळे सेल्युलोजच्या साखळ्या तुटलेल्या, वर आमच्याकडची खाडीची दमट हवा. पानं चहाच्या रंगाची झालेली. मी खरं तर त्यांची आम्लता मोजायला बसले होते. पण वाचतच राहिले.

ही चोपडी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. थिएटरबाहेर आणा-दोन आण्याला मिळायची. कलाकारांची नावं, गाणी आणि कथासार. पुष्कळदा हिंदी, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकाच चोपडीत. कथासार छान रंगत जातं, नायिका संकटात सापडते, आणि नेमकं तिथे थांबतं: पुढे काय होतं ते पडद्यावर पहा.

मी उडालेच. हा तर आपला 'स्पॉइलर अलर्ट'! आपल्या आजी-आजोबांच्या काळातही शेवट लपवायची पद्धत होती, कारण रहस्य फुटलं तर मजा जाते. इतकं सोपं गृहीतक की मी ग्रुप मीटिंगसाठी स्लाइडसुद्धा बनवली. मग त्याच पेटीतली एक पौराणिक सिनेमाची चोपडी उघडली. तिथेही तेच वाक्य. आता पुराणातल्या गोष्टीचा शेवट कोणाला माहीत नव्हता? स्लाइड डिलीट केली.

इथून मला मागे जावं लागलं. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तेव्हा फोडायला गोष्टच नव्हती. गाडी स्टेशनात येते हेच दृश्य. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा गोष्ट होती, पण ती प्रत्येकाच्या घरात आधीच सांगून झालेली. म्हणून त्या सिनेमाची एक प्रसिद्ध जाहिरात कथेबद्दल बोलतच नाही. ती सांगते की यात 57,000 छायाचित्रं आहेत, चित्र दोन मैल लांब आहे आणि दर फक्त तीन आणे. म्हणजे शेवट काय ते माहीत आहे, तो कशाने दाखवलाय ते येऊन बघा. (विज्ञानाच्या विद्यार्थिनीला ही जाहिरात आवडणारच, आकडे आहेत.) पुढे 1936 मध्ये 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आला. तुकोबा वैकुंठाला जातात हे न माहीत असलेला मराठी माणूस शोधून सापडला नसता. तो मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला.

म्हणजे ते वाक्य रहस्य राखण्यासाठी नव्हतं. ते तिकीटविक्रीचं वाक्य होतं.

'शेवट कोणाला सांगू नका' अशी शपथ ही वेगळी आणि बरीच नंतरची गोष्ट. लंडनमध्ये 1952 पासून 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना ती विनंती करतात. 1955 च्या 'ले दियाबोलिक' या फ्रेंच सिनेमाच्या शेवटी तशी पाटीच येते. 1960 मध्ये हिचकॉकने 'सायको' सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घातला. आपल्याकडे मात्र हे कधी पुरतं जमलंच नाही. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (1969) घ्या. खून, एक रात्र, गाणी नाहीत, सगळी भिस्त शेवटावर. पण तो 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून घेतलेला, आणि ते नाटकही मूळ इंग्रजीवरून. मुंबईतल्या गुजराती नाटकवेड्यांना खुनी कोण हे आधीच ठाऊक! 'शोले'चे तर संवादच रेकॉर्डवर विकले गेले. लोक पाठ करून जायचे आणि पडद्याबरोबर म्हणायचे. 2017 मध्ये 'इत्तेफाक' पुन्हा बनला तेव्हा मात्र निर्मात्यांनी स्पॉइलर देऊ नका अशी मोहीमच चालवली. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढा फरक.

आता आपल्या काळात या. नोव्हेंबर 2015 ते एप्रिल 2016 या सहा महिन्यांत मराठीत जवळजवळ एक नैसर्गिक प्रयोग झाला. 'कट्यार काळजात घुसली' 1967 च्या नाटकावरून, 'नटसम्राट' 1970 च्या नाटकावरून. दोन्हींचे शेवट घरोघरी माहीत. आणि 29 एप्रिलला 'सैराट', ज्याचा शेवट लोक एकमेकांपासून जपत होते. तिन्ही तुफान चालले. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. भाईंदरहून सुटलेल्या लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी फोनवर कोणाला तरी 'सैराट'चा शेवट इत्थंभूत सांगितला. दहिसर यायच्या आत माझं वाटोळं झालं. दोन दिवस धुसफुसले. मग आजीला घेऊन गेले. तिला इंटरव्हलमध्ये म्हटलं, मला पुढचं माहीत आहे. ती म्हणाली, "म्हाईत असला त काय झाला?" शेवटी थिएटरात जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. (शेवट मी इथेही सांगत नाहीये, बघा.) तीच शांतता नंतर घरी टीव्हीवर आली तेव्हा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली.

यावर प्रयोगशाळेतही काम झालंय. 2011 मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी दाखवलं की शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या. 2015 मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांना बरोबर उलटं दिसलं. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा अशा जोड्या भेटतील. घाबरू नका, आधी पाहा की मोजलं काय. दोन्हीकडे लोक छोट्या कथा वाचत होते. कोणी तिकीट काढलं नव्हतं, कोणी अंधारात चारशे जणांबरोबर बसलं नव्हतं.

फेलोशिप उशिरा येते, मल्टिप्लेक्सचं तिकीट वेळेवर महाग होतं. त्यामुळे मला महिन्याला एकच सिनेमा थिएटरात परवडतो. पूर्वी ज्याचं रहस्य फुटेल असं वाटायचं तो आधी पाहायचे. आता स्वतःला विचारते, हा मला कोणी पूर्ण सांगितला तरी काही उरेल का? उरत असेल तर तिकीट. नुसता खुनी कोण एवढंच असेल तर आठवडाभर फोनवर ग्रुप म्यूट करते आणि तो घरी येईपर्यंत थांबते. दोनदा फसलेही आहे.

माझा प्रश्न आता असा आहे: चोपडीतली गोष्ट नेमकी कोणत्या वळणावर थांबते आणि सामाजिक, पौराणिक, रहस्यपट यांत ती जागा बदलते का? हा माझ्या पीएच.डी.चा भाग नाही, गाईडना सांगू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा चोपड्यांचा मोठा साठा आहे. कोणाला हा प्रश्न उचलायचा असेल तर खुशाल उचला. फक्त पान उलटताना कोपऱ्याला धरू नका, कागद तिथूनच तुटतो. खालून तळवा द्या.