वळणाची किंमत: तिरुवैयारुच्या रथापासून स्पोर्ट्स कारच्या टायरपर्यंत

तमिळ पंचांगातील चित्रै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, तिरुवैयारुच्या पंचनदीश्वराचा रथ मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून निघतो. कावेरीकाठचे हे गाव तंजावरच्या उत्तरेस अवघ्या काही कोसांवर आहे. सरळ रस्त्यावर शेकडो हात दोर ओढतात आणि रथ डुलत पुढे सरकतो. कोपरा आला की मात्र सारा उत्सव थबकतो. तेथे दोर ओढणाऱ्यांपेक्षा चाकाशी वाकलेल्या मोजक्या माणसांचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांच्या हाती लाकडाची जाड पाचर असते. तमिळमध्ये तिला ‘मुट्टुकट्टै’ म्हणतात. दुसऱ्याच्या कामात अडथळा आणण्यालाही तमिळ माणूस ‘मुट्टुकट्टै घालणे’ म्हणतो, जसे मराठीत ‘खोडा घालणे’. रथाच्या बाबतीत मात्र हा खोडाच दिशा देतो.

असे का, याचे उत्तर भूमितीत आहे. रथाचे पुढचे आणि मागचे आस एकमेकांना समांतर आणि पक्के बसवलेले असतात. कोणतेही वाहन न घसरता वळायचे असेल, तर त्याच्या सर्व चाकांच्या आसांच्या रेषा एका बिंदूत मिळाव्या लागतात. तोच त्या वळणाचा केंद्रबिंदू. समांतर रेषा कधीच मिळत नाहीत, म्हणून अशा रथाच्या वळणाला केंद्रच सापडत नाही. चाकांनी आडवे घसरल्याखेरीज तो वळूच शकत नाही. एका बाजूच्या चाकापुढे पाचर घातली की ती बाजू अडते, दुसरी पुढे जाते आणि सारा डोलारा करकरत थोडासा फिरतो. पाचर काढायची, पुन्हा घालायची, आणि असे अनेकदा करायचे. तिरुवारूरचा सुप्रसिद्ध ‘आळि तेर’ सजवल्यावर ९६ फूट उंच आणि सुमारे ३०० टन वजनाचा होतो. त्याला तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ कारखान्याने लोखंडी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. तरी कोपऱ्यावर चाकाखाली ग्रीस लावलेले लोखंडी पत्रे सरकवून त्याला घसरतच वळवावे लागते.

बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिला आस एकच असतो. चारचाकी गाड्यांनी जुन्या काळी यावर एक उपाय काढला होता: पुढचा अखंड आस मधल्या खिळीवर फिरवायचा. गाडी वळे खरी. पण आस तिरका झाला की पुढचा आधार अरुंद होई आणि वेगात असलेली बग्गी कलंडे. इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) बग्गीतून रुग्णांकडे जात. आस जागच्या जागी ठेवून केवळ दोन चाकेच, प्रत्येक आपापल्या खिळीवर, वळवावीत ही कल्पना त्यांनी १७५८-५९ च्या सुमारास मांडली. पुढे म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी स्वतंत्रपणे तीच रचना सिद्ध केली, आणि १८१८ साली लंडनमधील त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन यांनी तिचे पेटंट घेतले. ॲकरमन हे चित्रांचे प्रकाशक म्हणून प्रसिद्ध असले तरी मूळचे गाड्यांचे रचनाकार होते. सेनापती नेल्सन यांच्या अंत्ययात्रेचा रथ त्यांच्याच देखरेखीखाली घडला होता.

१८१८ हे वर्ष मराठी वाचकाला पेशवाईच्या अस्ताचे म्हणून ठाऊक आहे. त्या वर्षी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे होते. सरस्वती महालात युरोपीय विज्ञानाचे ग्रंथ जमवणारा हा राजा. तिरुवैयारुत तेव्हा त्यागराज कृती रचत होते. त्यांच्या गावच्या रथाला पाचरीने वळवले जात असताना लंडनमध्ये तोच प्रश्न कागदावर सुटला होता.

या रचनेचे मर्म एका उदाहरणातून कळेल. मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर, आणि वळणाची त्रिज्या दहा मीटर आहे असे धरू. मग आतले पुढचे चाक सुमारे १५ अंश वळले पाहिजे आणि बाहेरचे सुमारे १३ अंश. हा दोन अंशांचा फरक राखला की चारही आसांच्या रेषा एका बिंदूत मिळतात आणि चाक घसरत नाही. पाचर लावणाऱ्याचे काम आता दांड्यांची जुळणी करू लागली.

परंतु ही भूमिती पूर्ण सत्य होती ती कडक चाकापुरती. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते विस्मृतीत गेले आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ती कल्पना नव्याने शोधली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधू हवेच्या टायरांवरची मोटार घेऊन उतरले. आता चाक आणि रस्ता यांच्यामध्ये लवचीक रबर आले. वळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळला जातो आणि चाक ज्या दिशेला तोंड करून असते त्याहून किंचित वेगळ्या दिशेने जाते. या दोन दिशांमधील फरकाला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए यांनी १९२५ साली त्याकडे लक्ष वेधले. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी त्यावरून मोटारीचा स्वभावच उलगडला. पुढच्या टायरांचा स्लिप अँगल अधिक असेल तर गाडी वळायला कुरकुरते. मागच्यांचा अधिक असेल तर शेपूट बाहेर फेकून अधिकच आत वळते. पहिल्या दोषाला चालक सहसा सावरतो. दुसरा दोष मात्र, वेग पुरेसा असेल, तर त्याला सावरायला वेळच देत नाही.

‘व्हील अलाइनमेंट’चे सारे शास्त्र येथून सुरू होते. चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर झुकलेली आहेत तो ‘टो’. समोरून पाहता चाक किती कललेले आहे तो ‘कॅम्बर’. स्पोर्ट्स कारचे चाक वरच्या बाजूने किंचित आत कललेले ठेवतात, कारण वळणावर गाडी बाहेर झुकली की बाहेरचे चाक, ज्यावर सर्वाधिक भार असतो, सपाट टेकते. ‘टो’मधील चूक डोळ्यांना दिसत नाही. चाक एका अंशाने तिरके असेल, तर किलोमीटरभराच्या प्रवासात ते सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद आणि बुटक्या कडांचे असतात. ते चटकन प्रतिसाद देतात, म्हणून चूकही चटकन उमटते.

हवेच्या दाबाचा हिशेब त्याहून साधा आहे. एका चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पीएसआय दाब असेल, तर जमिनीला टेकलेला भाग सुमारे १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढा. सव्वा टनाची गाडी, तिचा वेग आणि आतली माणसे अशा चार तळहातांवर असतात. दाब थंड टायरचाच मोजावा असे म्हणतात, त्यालाही कारण आहे. २७ अंश तापमानाला भरलेला टायर धावून ५७ अंशांवर गेला, की त्याच ३० चे सुमारे साडेचौतीस पीएसआय होतात. तापलेल्या टायरमधील हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढणारा माणूस गार झालेल्या गाडीत कमी दाब ठेवून जातो.

या आकड्यांची किंमत शेव्हरले कंपनीच्या ‘कॉर्व्हेअर’ने दाखवून दिली. १९५९ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या या मोटारीचे इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांचा कॅम्बर वळणावर झपाट्याने बदलत असे. शेपूट बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने पुढच्या टायरांना १५ आणि मागच्यांना २६ पीएसआय दाब सांगितला. पुढचे टायर मऊ ठेवले की त्यांचा स्लिप अँगल वाढतो आणि तोल सावरतो. भौतिकशास्त्र बिनचूक होते. अडचण ही की पंपावरचा माणूस सवयीने चारही चाकांत सारखीच हवा भरी, आणि मालकालाही त्यात काही वावगे वाटत नसे. राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात यावर बोट ठेवले. गाडीचे स्थैर्य कोणी वाचत नाही अशा एका आकड्यावर टांगून ठेवणे हा रचनेचाच दोष होय, हा त्यांचा युक्तिवाद. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारसाठी झालेल्या तपासणीत कॉर्व्हेअर तिच्या काळातील इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही नेडर यांचा मूळ प्रश्न त्याने निकालात निघत नाही: वळणाची जबाबदारी कोणाची, आणि ती त्याला ठाऊक आहे का? १९८६ च्या पोर्शे ९५९ या स्पोर्ट्स कारमध्ये टायरचा दाब चालकाला कळवणारी यंत्रणा आली, ती या प्रश्नाच्या एका बाजूचे उत्तर होती.

दुसरी बाजू माणसांची आहे. तिरुवैयारुतच कैलासदर्शन झाले अशी ज्यांच्याविषयी श्रद्धा आहे, त्या संत अप्पर यांच्या उत्सवाचा रथ २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळील कळिमेडु गावात निघाला होता. वळण घेताना अडथळा आला, रथ मागे घ्यावा लागला आणि तो वरच्या उच्चदाब वीजवाहिनीला लागला. ११ जण गेले. त्यांत मुलेही होती. तेथे होते ते एक अवघड वळण.

पाचर लावणारा प्रत्येक वळणावर चाकाजवळ हजर असतो, म्हणून आपली जबाबदारी त्याला विसरता येत नाही. मोटारीत तेच काम काही अंश आणि काही पीएसआय करतात, आणि ते दिसत नसल्यामुळे सहज विसरले जातात. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. पुढच्या आणि मागच्या टायरांचे आकडे तिच्यावर छापलेले असतात. पुष्कळदा ते वेगवेगळे असतात. पंपावर हवा भरणाऱ्याला ‘चारही सारखे’ असे सांगण्यापूर्वी ती पट्टी एकदा वाचावी.