खंजिरी बाईच्या हाती

अमरावती-अकोल्याकडच्या गावांत सामुदायिक प्रार्थना आटोपली की भजन सुरू होते आणि खंजिरी बोलू लागते. हे लहानसे वाद्य वऱ्हाडात गावोगाव पोचवले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी.

महाराजांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पेटी-मृदंग न्यायचे तर सोबत माणसे लागतात, खंजिरी मात्र झोळीत मावते. पायी फिरून व्यसन, अस्वच्छता, जातिभेद यांवर बोलणाऱ्याला असेच वाद्य सोयीचे. त्या भजनांचा धाक इंग्रज सरकारलाही वाटला. १९४२ च्या चळवळीत चिमूर-आष्टीचे लोक पेटून उठले, त्या वर्षी महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले.

हाताने वाजवायच्या वाद्याची अशी ताकद जगात इतरत्रही दिसते. ऑर्केस्ट्रात उंच पिंपासारखा कोंगो असतो ना, तो क्युबा बेटावरचा. उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या ढोलांतून तो घडला. तिथली गुलामगिरी १८८६ साली संपली, पण ढोल राहिला. त्याचेही बोल हातानेच निघतात: मध्यावर तळहात ठेवला की घुमारा, काठावर बोटे पडली की मोकळा नाद, आणि चापट मारली की कडक आवाज.

खंजिरीचेही तसेच. डाव्या हातात कडे धरायचे, उजव्या हाताने वाजवायचे. काठाजवळ बोटे मारून लगेच उचलली की नाद खुला होतो, बोटे दाबून ठेवली की तो बंद होतो. मनगट सैल हवे. पहिले काही दिवस एकच ठेका, तोही संथ. जोर नंतर आपोआप येतो.

विकत घेताना घाई नको. लाकडी कडे गोल आहे का, कुठे तडा आहे का, हे बघा. काठाने फिरत टिचकी मारा, आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. झांजा खिळ्यात घट्ट असाव्यात, पण मोकळ्या हलाव्यात. आणि दुकानातच पाच मिनिटे हात उचलून धरून बघा, कारण भजन तासभर चालते. कातडे पावसाळ्यात ढिले पडते, थोडे शेकले की ताणते. प्लॅस्टिकच्या पानाला तो त्रास नाही, पण त्याचा आवाज जरा कोरडा. घोरपडीच्या कातड्याची मात्र कधीच घेऊ नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आता खरा प्रश्न. ग्रामगीतेत 'महिलोन्नती' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तरी कितीतरी गावांत खंजिरी पुरुषांच्या हाती आणि बायांच्या हाती फक्त टाळ. महिला भजनी मंडळे वाढली, तसे हे बदलत आहे. आमच्या गटांत विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाली, "पेरणीला पैसे पुरत नाहीत, अन् खंजिरी कुठून आणता?" तिचे बोलणे खरे होते. म्हणून आम्ही ठरवले, कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. वेगळी वर्गणी काढायची, वहीत वेगळी नोंद करायची, आणि दोनच खंजिऱ्या घ्यायच्या, आळीपाळीने शिकायला.

तुमच्या गावात जुना खंजिरीवाला असेल. त्याचा हात थकायच्या आत त्याच्याकडे जा. म्हणा, "बाबाजी, आम्हाले शिकवा." गटाची पुढची बैठक होईल, तेव्हा हा विषय घ्या, आणि ज्या बाईने आजवर कधी वाद्याला हात लावला नाही, तिला आधी वाजवू द्या.