‘शमन’ आणि ‘प्रतिबंध’ : राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची जडणघडण

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठीत कोणत्याही गैरमेळासाठी वापरली जाते. तिच्यातील देवस्थानांच्या नावांमुळे ती फार जुनी असावी असे वाटते. परंतु तिच्यातील ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बाँबा’शी, म्हणजे पाणी उपसण्याच्या यंत्राशी जोडला जातो. पाणी फेकणारे यंत्र लोकांच्या नजरेस पडू लागल्यानंतरच या म्हणीला तिचे आजचे रूप आले असले पाहिजे. म्हणीत आग आहे, यंत्र आहे आणि दोहोंमधील अंतरही आहे. ते यंत्र कोणी चालवायचे, कोणाच्या हुकमावरून न्यायचे आणि चालवणाऱ्याने ती विद्या कोठे शिकायची, याविषयी मात्र म्हण काही सांगत नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा इतिहास हा मुख्यतः या न सांगितलेल्या भागाचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील मोठ्या आगींच्या नोंदी त्याआधीच्या आहेत. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर देशी वस्ती कोटाबाहेर अधिक वेगाने वाढली. फेब्रुवारी १८२८ मध्ये पुण्याचा शनिवारवाडा अनेक दिवस जळत राहिला. दगडी तट व जोती शिल्लक राहिली, लाकडी वाडा गेला. या दोन्ही प्रसंगी आग विझवणे हा ज्याच्या त्याच्या हाताला येईल तसा करावयाचा उद्योग होता. मुंबईत हे काम आधी पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये ते नागरी प्रशासनाकडे आले आणि अग्निशामक दल ही शहराची संस्था झाली. पुढील सर्व घडामोडींच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक ठरला. भारतात आगीचा बंदोबस्त प्रथम शहराने केला. देशाने त्याचा विचार फार उशिरा केला.

तो विचार करणे भाग पाडणारी घटना म्हणून १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके असा परस्परांशी सर्वस्वी विसंगत माल एकत्र भरलेला होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. अग्निशामक दल आले, पाण्याचा मारा सुरू झाला, परंतु आगीचे नेमके ठिकाण सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

या घटनेचा विचार करताना हौतात्म्यावरच दृष्टी खिळून राहते आणि प्रशासनाच्या अंगाने तिच्यात जे घडले ते बाजूला पडते. जहाजावर धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लाल निशाण लावलेले नव्हते. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, यावर एकमत झाले नाही. कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार आणि अग्निशामक दलाचे प्रमुख अशा अनेकांकडे निर्णयाचा एकेक तुकडा होता. पूर्ण निर्णय कोणाकडेच नव्हता. ज्ञान होते, धैर्य तर होतेच, परंतु ज्ञान आणि अधिकार एका हाती नव्हते. (गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षे सोन्याच्या विटा सापडत राहिल्या. न लावलेल्या निशाणापेक्षा त्या विटांचीच आठवण लोकांच्या बोलण्यात अधिक टिकली.)

युद्धकाळात हवाई हल्ल्यांच्या भीतीने अनेक शहरांत अग्निशमनाची व्यवस्था उभी राहिली किंवा वाढली. दिल्लीची अग्निशमन सेवा १९४२ मधील. स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या दलांमध्ये नळांची जोडणी, हुद्दे, कवायत आणि शिक्षण यांपैकी कशातच सारखेपणा नव्हता. एका शहराचा नळ दुसऱ्या शहराच्या तोटीला बसत नसेल, तर शेजारच्या दलाची मदत शोभेचीच ठरते. केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५६ मध्ये स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. (१९८० मध्ये तिचे नाव परिषद असे झाले.) राज्यांच्या अग्निशमन सेवांबरोबरच संरक्षण, परिवहन, दळणवळण आणि मानक संस्था यांचे प्रतिनिधी तिच्यावर होते. तिच्या नावातील ‘सल्लागार’ हे विशेषण केवळ औपचारिक नाही. संविधानाने हा विषय राज्यांच्या कक्षेत ठेवला आणि पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘अग्निशमन सेवा’ हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले गेले. केंद्राला हुकूम देता येत नव्हता, शिकवता मात्र येत होते.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील रामपूर येथे महाविद्यालय सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते नागपूरला हलवण्यात आले. नागपूर त्या वेळी विलक्षण संक्रमणातून जात होते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते मध्य प्रदेशाची राजधानी होते. दुसऱ्या दिवशी ते द्विभाषिक मुंबई राज्यातील एक शहर झाले. राजधानीपण गेलेल्या या शहरात एप्रिल १९५७ मध्ये आपत्कालीन मदतकार्याचे शिक्षण देणारी आणखी एक केंद्रीय संस्था उघडली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. सिव्हिल लाइन्ससारखी प्रशस्त सरकारी वस्ती, देशाच्या मध्यावरील स्थान आणि रेल्वेची सोय पाहता नागपूरची निवड स्वाभाविक वाटते. विदर्भाच्या सांस्कृतिक इतिहासात या दोन संस्थांना जेमतेम उल्लेखापुरती जागा मिळाली आहे. राजधानी गेल्याचे दुःख पुष्कळ लिहिले गेले. तिच्यामागून आलेल्या संस्थांकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

संस्थेचे नाव तपासण्यासारखे आहे. ‘राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय’ या समासाचा विग्रह दोन प्रकारे करता येतो : अग्निशमन सेवांसाठीचे राष्ट्रीय महाविद्यालय, किंवा राष्ट्रीय अग्निशमन सेवेचे महाविद्यालय. पहिला अर्थ वस्तुस्थितीला धरून आहे. दुसऱ्या अर्थाची सेवा भारतात कधीच अस्तित्वात आली नाही. ब्रिटनमध्ये ती होती. हवाई हल्ल्यांच्या काळात, ऑगस्ट १९४१ मध्ये, तेथील सर्व स्थानिक दले एकत्र करून ‘नॅशनल फायर सर्व्हिस’ निर्माण केली गेली आणि १९४८ मध्ये ती पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपवली गेली. सात वर्षांच्या त्या एकत्रीकरणाने हुद्दे आणि साधने यांची एक समान भाषा मागे ठेवली. भारताने ती भाषा घेतली. ती जिच्यातून जन्मली ती संघटना मात्र घेतली नाही. नावातील संदिग्धतेत हा इतिहास साठून राहिला आहे.

दुसरा शब्द ‘शमन’. शांत करणे हा त्याचा अर्थ. कोपलेल्या देवतेचे, रोगाचे, वादळाचे शमन होते. संस्कृत कोशांत ‘शमन’ हे यमाचेही एक नाव आहे, हा योगायोग अग्निशमनाच्या संदर्भात अस्वस्थ करणारा आहे. शमन करायचे तर आधी प्रकोप झालेला असला पाहिजे. आग लागूच नये, लागली तर पसरू नये आणि पसरली तर माणसांना बाहेर पडता यावे, हा विचार या शब्दात बसत नाही. त्यासाठी ‘प्रतिबंध’ हवा. अमेरिकेत १९७३ मध्ये ‘अमेरिका बर्निंग’ हा राष्ट्रीय आयोगाचा अहवाल आला आणि त्याच्या आधारे १९७४ च्या कायद्याने अग्निप्रतिबंध व नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय प्रबोधिनी उभी करण्याचे ठरवले. १९७३ मध्ये बंद पडलेल्या एका महाविद्यालयाचा मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथील परिसर १९७९ मध्ये तिच्यासाठी घेतला गेला. तिच्या मूळ नावात प्रतिबंध आधी आणि नियंत्रण नंतर होते. रूढ झालेल्या ‘नॅशनल फायर अकॅडमी’ या नावातून दोन्ही गळाले आणि फक्त आग उरली. तेथेही दले स्थानिकच होती आणि प्रबोधिनीच्या हाती शिकवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. संघराज्यांची ही अडचण सारखीच दिसते. फरक एवढाच की नागपूरची संस्था एमिट्सबर्गच्या जवळजवळ पाव शतक आधीची आहे, आणि तुलना करताना ही बाब सहसा विसरली जाते.

नागपूरचा अभ्यासक्रम सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर अशा हुद्द्यांच्या पायऱ्यांनी रचला गेला. म्हणजे विद्यार्थी आधीच कोणत्या तरी दलात असे आणि परत गेल्यावर काय करायचे हे ते दल ठरवी. मराठी, कन्नड, बंगाली बोलणारे अधिकारी येथून होज, ब्रँच, हायड्रंट, टर्नआउट हे शब्द घेऊन गेले. होजच्या टोकाच्या तोटीला ‘ब्रँच’ म्हणणे ही ब्रिटिश दलांची परिभाषा आहे. ती देशभरच्या दलांत एकसारखी रुजली. कागदावर ‘अग्निशामक’, ठाण्यात ‘फायरमन’ आणि रस्त्यावर ‘बंबवाले’ अशी त्रिस्तरीय बोली त्यातून तयार झाली. पुढे नागपूर विद्यापीठाशी संलग्न असा अग्निअभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम आला, आणि खरे वळण ते होते. इमारतीचा नकाशा, जिन्याची रुंदी, विजेचा भार, धुराचा प्रवास हे विषय पाण्याच्या माऱ्याइतकेच महत्त्वाचे ठरले. १९७० ची राष्ट्रीय इमारत संहिता, तिच्या १९८३, २००५ आणि २०१६ च्या सुधारित आवृत्त्या व त्यांतील अग्निसुरक्षेचा भाग वाचू शकणारा माणूस केवळ कवायतीतून तयार होणार नव्हता. परंतु या पदवीधरांना मोठी मागणी आली ती तेल, वायू आणि रसायन उद्योगांकडून. महाविद्यालयात २००२ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनी, नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर, २००६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात रुजू झाल्या. स्त्रीला या संस्थेचे दार उघडायला ४६ वर्षे लागली. पदवीधरांना नगरपालिकांची दारे कितपत उघडली, हा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. लहान नगरपालिकेत पाण्याचा टँकर आणि चालक म्हणजेच अग्निशमन विभाग, अशी समजूत फार काळ टिकली.

केंद्राने १९५८ मध्ये राज्यांसाठी एक नमुना विधेयक पाठवले. महाराष्ट्राने नगरपालिकांचीच वाट कायम ठेवली. सर्व राज्यासाठीचा कायदा येथे झाला तो बराच उशिरा : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. या शीर्षकाची भाषा लक्षणीय आहे. केंद्राच्या संस्थेने तत्सम ‘अग्नी’ घेतला, राज्याच्या कायद्याने तद्भव ‘आग’. पहिल्यात शमन आहे, दुसऱ्यात प्रतिबंध, आणि त्यासोबत ‘जीव’ही आहे. यंत्र, दल, सेवा या संज्ञांच्या मालिकेत माणसाच्या प्राणाचा उल्लेख नावात प्रथमच आला. इमारतीतील उपकरणे चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करण्याची जबाबदारी या कायद्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली. म्हणजे रामेश्वरी आग लागण्यापूर्वी रामेश्वरच्या रहिवाशानेच काही करावे, अशी अपेक्षा कायद्याच्या भाषेत आली. भंडारा जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बालके दगावली, तेव्हा हा कायदा अमलात येऊन बारा वर्षे झाली होती, आणि ज्या शहरात देशाचे अग्निशमन महाविद्यालय आहे ते तेथून तासा-दीड तासाच्या वाटेवर होते.

कर्नाटकाने वेगळी वाट घेतली. १९६४ च्या अधिनियमाने तेथे सर्व राज्याचे एकच दल झाले. अधिनियमाच्या इंग्रजी नावातील ‘फायर फोर्स’ हे शब्द १९५८ च्या नमुना विधेयकाची आठवण देतात. कन्नडमध्ये या दलाच्या केंद्राला ‘अग्निशामक ठाणे’ म्हणतात. लिपी बाजूला ठेवली तर मराठी वाचकाला त्यात परके असे काहीच नाही. पहिला शब्द संस्कृताच्या सामाईक भांडारातला, दुसरा दख्खनच्या सामाईक कारभारातला. रचना एकछत्री असली तरी प्रतिबंधाचा प्रश्न मात्र तेथेही सुटला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये बेंगळुरूत सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगीत ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. २३ फेब्रुवारी २०१० रोजी कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीत नऊ जण गेले. धुराने कोंडलेल्यांपैकी काहींनी वरच्या मजल्यांवरून उड्या घेतल्या. दल राज्याचे असो वा पालिकेचे, इमारतीच्या आत त्याचा अधिकार आग लागण्यापूर्वी किती चालतो, हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच राहिला.

याच शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळ मे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. टिपू सुलतानाचे जन्मगाव आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला किल्ला एवढीच ज्या गावाची तोवर ओळख होती, तेथे अग्निसुरक्षेची एक सर्वस्वी निराळी पद्धत येऊन ठेपली. विमानतळाच्या अग्निशमनाची श्रेणी तेथे उतरणाऱ्या विमानांची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून ठरते. त्या श्रेणीवरून पाणी, फेस आणि गाड्या यांचे किमान प्रमाण ठरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांनुसार धावपट्टीच्या कोणत्याही बिंदूपर्यंत पोहोचण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागता कामा नये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असण्याला येथे अंतराची आणि वेळेची लिखित मर्यादा आहे. एखादी गाडी नादुरुस्त होऊन श्रेणी खाली आली, तर मोठ्या विमानांच्या उड्डाणांवर निर्बंध येतात. आग लागलेली नसते, तरीही काम थांबते. १९४४ मध्ये व्हिक्टोरिया गोदीत जो अधिकार कोणाच्याही हाती नव्हता, तो येथे एका तक्त्याच्या रूपाने आधीच लिहून ठेवलेला असतो. विमानतळाच्या कुंपणाबाहेर, देवनहळ्ळीच्या बाजारपेठेत आणि तिच्याभोवती वाढत गेलेल्या गोदामांत व वसतिगृहांत हा तक्ता लागू नाही. तेथे राज्याचे दल, राज्याचा कायदा आणि स्थानिक परवान्यांची यंत्रणा आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यांना पुन्हा एक नमुना विधेयक पाठवले. १९५८ प्रमाणेच ते स्वीकारायचे की नाही, हे राज्यांवर सोपवलेले होते.