‘तुला कुणी भाग पाडलंय का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

समजा, अठरा-वीस वर्षांची मुलगी एके दिवशी घरी म्हणाली, ‘मला सिस्टर व्हायचंय.’ ही ओढ तिची स्वतःची, की कुणीतरी मनात भरवलेली? मराठी कॅथलिक मंडळी या ओढीला ‘पाचारण’ म्हणतात. पाचारण म्हणजे बोलावणं. ते देवाकडून आलंय अशी श्रद्धा असते, पण ओळखावं लागतं माणसांनाच. ही ओळख पटवण्याची पद्धत कशी घडली, यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. त्यातला एक तुकडा आज तुमच्यासाठी.

1563 च्या डिसेंबरात ट्रेंटच्या धर्मसभेने मठांसाठी नियम केले. सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि वर्षभर उमेदवारी केल्याशिवाय व्रतं घ्यायची नाहीत. मुलींसाठी आणखी एक अट होती. बिशपने किंवा त्याच्या माणसाने तिला विचारायचं: तुला कुणी भाग पाडलंय का? फूस लावलीय का? आपण काय करतोय हे तुला कळतंय का? मुलीवर जबरदस्ती करणाऱ्याला थेट बहिष्काराची शिक्षा. आणि योग्य कारणाशिवाय तिला अडवणाऱ्यालाही तीच!

मला सगळ्यात आवडतो तो पैशाचा नियम. व्रतं घेण्याआधी, अन्नवस्त्राचा खर्च सोडून, घरच्यांनी मठाला काहीही द्यायचं नाही. कारण? सगळी मालमत्ता मठाकडे गेली, तर मन बदललेल्या माणसाला बाहेर पडणंच अवघड होईल. दार उघडं ठेवायचं तर आधी पैशाचा विचार करायला हवा, हे त्या बिशपांना पक्कं ठाऊक होतं.

मग जबरदस्ती थांबली का? एलेना तारबोत्तीला विचारा. 1604 साली व्हेनिसमध्ये जन्मलेली, घरातली थोरली मुलगी, पायाने अधू. तिथे लग्नाचा हुंडा इतका वाढला होता की मोठमोठी घराणी एखाद-दुसऱ्या मुलीचंच लग्न करत आणि बाकीच्यांना मठात पाठवत. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो बराच कमी. (हुंड्याचं हे गणित मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.) एलेनाची पाठवणी सांत आन्नाच्या मठात झाली. 1623 मध्ये तिने अखेरची व्रतं घेतली, आर्कांजेला हे नाव घेतलं, आणि 1652 मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. पण मठात बसून तिने बापांच्या जुलमावर आख्खं पुस्तक लिहिलं. तिच्या मृत्यूनंतर, 1654 मध्ये, ते दुसऱ्याच नावाने छापलं गेलं आणि पुढे रोमने बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत जाऊन बसलं.

नियम होता, प्रश्नही होता. तरी असं का व्हावं? माझं मत असं: ‘जबरदस्ती आहे का?’ या प्रश्नाने दंडाला धरून ओढणारा हात दिसतो, पण दुसरी वाटच नसणं दिसत नाही. जिला मठाबाहेर जागाच नाही, ती ‘नाही, मी स्वखुशीने आलेय’ असंच म्हणणार ना?

याच शतकात दुसरी एक पद्धत तयार होत होती, आणि ती एका जखमी सैनिकाच्या अंथरुणावर सुरू झाली. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला महिनोन्‌महिने पडून होता. पराक्रमाची, एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं छान वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगायचा विचार केला की समाधान मागे उरे. त्याने या फरकावर लक्ष ठेवलं. त्यातूनच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक उभं राहिलं, त्याला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली.

त्यात मार्गदर्शकाला दिलेली ताकीद नीट वाचा. समोरच्याला मठाकडे ढकलायचं नाही, मठापासून दूरही न्यायचं नाही. तराजूच्या काट्यासारखं मधे उभं राहायचं. मन भरून आलेलं असताना त्याला घाईने व्रत घेऊ द्यायचं नाही. आणि मन उदास असेल तेव्हा आधीचा निर्णय मोडायचा नाही. म्हणजे इथे एका बैठकीत हो-नाही विचारून काम भागत नाही. दिवसामागून दिवस मनाची नोंद ठेवावी लागते.

अर्थात जेझुइटांनाही हे सोपं नव्हतं. पोलंडच्या सरदारघराण्यातला स्तानिस्लाव कोस्तका व्हिएन्नात त्यांच्याकडेच शिकत होता. त्याला संघात यायचं होतं, पण बापाच्या संमतीशिवाय तिथले वरिष्ठ घेईनात. 1567 मध्ये पोरगा निघाला तो आधी जर्मनीत, मग रोमला! तिथे त्याला घेतलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये तो वारला, वय जेमतेम सतरा. बापाला घाबरणारे व्हिएन्नाचे जेझुइट काट्यासारखे मधे उभे होते, असं मला तरी म्हणवत नाही.

आजचा चर्चचा कायदा 1983 चा आहे. त्यानुसार सतराच्या आत उमेदवारी नाही, अठराच्या आत व्रतं नाहीत, आणि धाकाने घेतलेलं व्रत मुळात व्रतच नाही. ट्रेंटचा प्रश्न त्यात अजून ऐकू येतो.

पुढच्या पोस्टमध्ये आपण जुन्या गोव्यात जाऊ. तिथे 1606 मध्ये सांता मोनिकाचा मठ स्थापन झाला, ट्रेंटनंतर त्रेचाळीस वर्षांनी. तिथेही पहिला प्रश्न हुंड्याचाच असेल.