परमिट रूम

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर पडा, 'बिअर बार व परमिट रूम' अशी पाटी दिसतेच. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. ही परमिटची खोली कसली, हे कोणी विचारत नाही.

तर मंडळी, तिचे मूळ आहे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. दारू पिणे, बाळगणे गुन्हा ठरला. सूट फक्त परवाना असणाऱ्याला. प्रकृतीसाठी म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यावर तो मिळे, परदेशी पाहुण्यांनाही मिळे. साठच्या दशकात बंधने सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. परवान्याची अट कागदोपत्री आजही आहे. परवाना असणाऱ्याने जिथे बसून प्यायची, ती परमिट रूम!

गंमत पुढेच आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांची आठवण जागवत २०१० साली लंडनमध्ये 'डिशूम' सुरू झाले. त्याच मंडळींनी २०२३ साली ब्रायटनला नवा बार काढला आणि नाव दिले 'परमिट रूम'. आपल्याला जी पाटी रोजची, तिच्यात त्यांना इतिहास दिसला. या नजरेला दाद द्यायलाच हवी.

इकडे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, की मद्य विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. योग्यच झाले. शिवरायांच्या गडाचा आणि बाटलीचा संबंध काय? पण म्हणून बारला गावचा इतिहासच नाही, असे थोडेच आहे? माझगावची ताडवाडी ताडाची आठवण सांगते. ताडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. त्यावर इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्याचा बोजा पडला, आणि पुढे दारूबंदी आली.

मात्र इतिहास घ्यायचा तर सगळा घ्यावा. परमिट मिळे ते ऐपत असलेल्यांना. बाकीच्यांच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलीस. आणि ज्यांच्या घरात दारूने चूल विझली, त्या बायकांनी पुढे गावोगावी मतदान करून 'बाटली आडवी' केली, तोही याच पाटीचा इतिहास. पाटी रंगवताना तेवढाच भाग नेमका गळतो.

असो. तुमच्या गावातल्या बारचे नाव काय, आणि ते कुठून आले? जरूर कळवा.